डॉलरला एक झाड

ऑगस्ट १९२३मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, फ्रँकोनिया खिंडीतलं 'प्रोफाइल हाउस' हे नावाजलेलं हॉटेल जळून खाक झालं. बोस्टन-न्यूयॉर्ककडची सधन कुटुंबं इथे उन्हाळा काढायला यायची. त्यांच्या सोयीसाठी १८७९मध्ये खिंडीत अरुंद रुळांची आगगाडीसुद्धा आली होती. आगीनंतर मालकांनी हॉटेल पुन्हा बांधायचा विचार सोडला आणि सगळी मालमत्ता विकायला काढली. तीत सुमारे ६,००० एकर जंगल होतं, तळी होती, फ्लूम नावाची अरुंद घळ होती, आणि कॅनन डोंगराचा तो कडा होता, ज्याच्या माथ्याशी माणसाचा चेहरा दिसायचा. मागणी ४ लाख डॉलरची होती. जंगलावर लाकूडवाल्यांचा डोळा होता, आणि ते एकदा आत शिरले की खिंडीत खुंटांखेरीज काही उरणार नाही, हे आजूबाजूच्या गावांना अनुभवाने माहीत होतं.

तो चेहरा म्हणजे 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन', डोंगरावरचा म्हातारा. प्रोफाइल तळ्याच्या पाण्यापासून सुमारे १,२०० फूट उंचीवर ग्रॅनाइटच्या पाच शिळा कड्याबाहेर डोकावत होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंतची उंची ४० फूट, रुंदी २५ फूट. तळ्याच्या उत्तरेकडून, ठरावीक जागेवरून पाहिलं तरच त्या जुळायच्या आणि कपाळ, नाक, ओठ, पुढे आलेली हनुवटी अशी बाजूने पाहिलेली मुद्रा आकाशावर उमटायची. रस्त्याने थोडं पुढे गेलं की चेहरा मोडायचा आणि उरायचे नुसते खडक. हा मुलूख मुळात अबेनाकी लोकांचा. गोऱ्यांच्या कागदांतली चेहऱ्याची पहिली नोंद १८०५ची, फ्रान्सिस व्हिटकोम आणि ल्यूक ब्रुक्स या मोजणीदारांची. १८५०मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द ग्रेट स्टोन फेस' ही कथा आली आणि म्हातारा राज्याच्या सीमेपलीकडे पोहोचला. १९४५मध्ये तो राज्याचं अधिकृत चिन्ह झाला. पुढे महामार्गांच्या पाट्यांवर, गाड्यांच्या नंबरप्लेटवर, आणि २००० साली न्यू हॅम्पशायरच्या नावाने निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यावरही तोच आला.

इतक्या प्रसिद्ध चेहऱ्याची हकिगत सांगताना सगळं लक्ष चेहऱ्याकडेच जातं. मला मात्र जिने ही खिंड राखली त्या संस्थेची वाटचाल जास्त मोलाची वाटते. म्हाताऱ्याच्या नावावर लोकांकडून पैसे मागितले गेले, पण त्या पैशांतून विकत घेतली गेली ती अख्खी खिंड. पुढच्या शंभर वर्षांत जे जे घडलं, त्यात या एका निर्णयाइतकं शहाणपण दुसऱ्या कशात मला दिसत नाही.

संस्थेचं पूर्ण नाव लांबलचक आहे : सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ न्यू हॅम्पशायर फॉरेस्ट्स. तिथले लोक नुसतं 'फॉरेस्ट सोसायटी' म्हणतात. स्थापना १९०१ची, माजी गव्हर्नर फ्रँक रोलिन्स यांच्या पुढाकाराने. त्या काळी व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत जंगलतोड बेफाम चालली होती. तोडलेल्या झाडांचा पालापाचोळा जागेवरच वाळत पडायचा आणि इंजिनाच्या ठिणगीने पेटायचा. उघड्या पडलेल्या उतारांवरून पावसाचं पाणी माती घेऊन थेट खाली उतरायचं. संस्थेने १९०२मध्ये फिलिप एअर्स यांना वनाधिकारी म्हणून नेमलं. एअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसती सौंदर्याची भाषा केली नाही, ते नद्यांबद्दल बोलले. प्रोफाइल तळ्यातून पेमिगेवासेट नदी निघते, पुढे तिचं पाणी मेरिमॅकमध्ये जातं, आणि मेरिमॅकच्या काठावर मँचेस्टरच्या अमोस्कीगसारख्या अवाढव्य कापडगिरण्या उभ्या होत्या. डोंगरावर झाडं नसतील तर पावसाळी दिवसांत पूर येणार, उन्हाळ्यात पाणी आटणार, आणि दोन्ही वेळा गिरणीचं चाक थांबणार. हा हिशेब गिरणीमालकांनाही कळत होता.

याच खटपटीतून १९११चा वीक्स कायदा झाला. नद्यांच्या उगमाकडची जंगलं केंद्र सरकारला विकत घेता यावीत, यासाठीचा हा कायदा. तो मांडणारे जॉन वीक्स निवडून आले होते मॅसॅच्युसेट्समधून, पण जन्मले होते न्यू हॅम्पशायरच्या लँकेस्टर गावात. १९१८मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनाची घोषणा झाली. दरम्यान संस्थेने किन्समन खिंडीतली लॉस्ट रिव्हर ही खडकांच्या कपारींतून वाहणारी घळ स्वतः विकत घेऊन लोकांसाठी खुली केली होती. म्हणजे १९२३मध्ये फ्रँकोनिया खिंड विक्रीला आली, तेव्हा या मंडळींना जंगलही कळत होतं, कायदाही कळत होता आणि तिकीट लावून घळ कशी चालवायची तेही.

पैसा मात्र नव्हता. राज्याच्या विधिमंडळाने २ लाख डॉलर देण्याची तयारी दाखवली. उरलेले २ लाख संस्थेने उभे करायचे होते. बोस्टनचे बँकर जेम्स स्टॉरो, जे काही काळ जनरल मोटर्सचे अध्यक्ष होते, त्यांचं १९२६मध्ये निधन झालं आणि त्यांच्या इस्टेटीतून १ लाख डॉलर आले. राहिलेला १ लाख लोकांकडून जमवायचा होता. त्या वेळी सबंध राज्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास. संस्थेने मग एक साधी गोष्ट केली : झाड विकायला काढलं. एक डॉलर द्या, खिंडीतलं एक झाड तुमच्या पैशाने वाचेल. न्यू हॅम्पशायरच्या महिला मंडळांच्या महासंघाने ही मोहीम उचलून धरली आणि राज्यातल्या बायका कामाला लागल्या.

पाच हजार एकर, सहा हजार एकर असे आकडे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. झाड येतं. ते तोडलं जाण्याची भीतीही येते, आणि डॉलर देणं तर बहुतेकांना झेपण्यासारखं असतं. सुमारे १५,००० जणांनी पैसे दिले. मला या आकड्याचं फार अप्रूप आहे. एखाद्या धनवंताने पूर्ण रक्कम टाकली असती तर व्यवहार लवकर झाला असता, पण मग खिंड त्याच्या नावाची झाली असती. इथे हजारो घरांना वाटलं की तिथलं एखादं झाड आपलं आहे. पुढे जेव्हा जेव्हा खिंडीवर संकट आलं, तेव्हा बोलायला उठलेली माणसं याच घरांतल्या पुढच्या पिढ्यांची होती, असं मानायला हरकत नाही.

१५ सप्टेंबर १९२८ला फ्रँकोनिया खिंडीचं लोकार्पण झालं : वनराई आणि राज्य उद्यान म्हणून, आणि युद्धात सेवा बजावलेल्या राज्यातल्या स्त्री-पुरुषांचं स्मारक म्हणूनही. फ्लूम घळीचा कारभार संस्थेने १९४७पर्यंत स्वतःकडे ठेवला आणि मग तो राज्याच्या हाती दिला. तिथल्या तिकिटांचा पैसा आजही महत्त्वाचा आहे, कारण न्यू हॅम्पशायरची राज्य उद्यानं मुख्यतः स्वतःच्या कमाईवर चालतात. १९३८मध्ये कॅनन डोंगरावर उत्तर अमेरिकेतला पहिला प्रवासी रोपवे सुरू झाला आणि खिंड हिवाळ्यातही गजबजू लागली.

आता म्हाताऱ्याकडे वळतो. तो पडणार, हे जाणत्यांना फार आधीपासून दिसत होतं. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेग थोडी रुंदावते. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत हे दर हिवाळ्यात कितीदा होतं त्याला गणती नाही. व्हाइटफील्डचे धर्मोपदेशक गाय रॉबर्ट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कपाळाची शिळा सरकत असल्याचं सांगून गव्हर्नर रोलंड स्पॉल्डिंग यांच्यापर्यंत पाठपुरावा केला. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या ग्रॅनाइट खाणीवरचे एडवर्ड गेडिस १९१६मध्ये वर चढले. त्यांनी कपाळाच्या शिळेला मागच्या खडकाशी तीन टर्नबकलने जखडलं. टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पोलादी जोड. मधला भाग फिरवला की दोन्हीकडचे गज आत ओढले जातात आणि ताण वाढतो. १९३७मध्ये गेडिस पुन्हा वर गेले, आपलं काम टिकलं आहे का ते बघायला.

१९५७मध्ये विधिमंडळाने २५,००० डॉलर मंजूर केले आणि पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती झाली. लवकर घट्ट होणारं २० टन सिमेंट, नवे गज, नवे टर्नबकल, प्लास्टिकचं आच्छादन, आणि वरून येणारं पाणी कपाळावर न येता बाजूला जावं म्हणून काँक्रीटची पन्हळ. तेव्हापासून दर उन्हाळ्यात राज्याच्या महामार्ग आणि उद्यान विभागांचं पथक वर जाऊ लागलं.

या पथकातले नील्स नील्सन हे पुलांच्या दुरुस्तीवरचे सरकारी कामगार. साठच्या दशकापासून ते वर जात राहिले आणि १९८७मध्ये राज्याने त्यांना म्हाताऱ्याचे अधिकृत राखणदार म्हणून नेमलं. १९९१पासून ती जबाबदारी त्यांचा मुलगा डेव्हिड याच्याकडे आली. काम असं होतं : दोरांना टांगलेल्या आसनावर बसून कड्यावरून खाली उतरायचं. पायांखाली हजारभर फूट पोकळी. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासमोर लोंबकळत भेगा साफ करायच्या, त्यांत शिरलेली माती आणि उगवलेलं गवत काढायचं, एपॉक्सीचा लेप द्यायचा, भेगांची मापं घ्यायची आणि गेल्या वर्षीच्या मापांशी ताडून पाहायची. खालून तळ्याकाठी उभ्या असलेल्या प्रवाशांना कपाळावरची ही माणसं दिसली तर मुंगीएवढी दिसत. नील्स २००१मध्ये वारले. त्यांच्या अस्थींची राख मुलाने वर नेऊन म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत ठेवली.

मधल्या काळात एक मोठी लढाई झाली, जिच्याबद्दल पर्यटक फारसं विचारत नाहीत. आंतरराज्य महामार्ग क्रमांक ९३ खिंडीतून न्यायचा होता, नेहमीसारखा चार पदरी. खिंड अरुंद, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. म्हणजे सुरुंग आले आणि सुरुंगांचे हादरे वरच्या पाच शिळांपर्यंत पोहोचणार हे उघड होतं. फॉरेस्ट सोसायटी १९७४मध्ये केंद्रीय वाहतूक खात्याविरुद्ध कोर्टात गेली. वाद अनेक वर्षं चालला. तोडगा असा निघाला की खिंडीपुरता महामार्ग अंग चोरून जाईल : दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका, मध्ये दुभाजक, वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. हा 'पार्कवे' १९८८मध्ये पूर्ण झाला. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर असा आखडता तुकडा क्वचितच सापडतो. बोस्टनहून गाडी मोकळ्या रस्त्याने सुसाट येते आणि इथे पोहोचली की वेग आपोआप उतरतो, डोळे वर कड्याकडे जातात. हा एखाद्या रस्ते-अभियंत्याला सुचलेला रसिकपणा नाही, तो संस्थेने चिकाटीने मिळवलेला रस्ता आहे.

३ मे २००३. मध्यरात्र ते पहाटे दोनच्या दरम्यान म्हातारा कोसळला. त्या वेळी कड्यावर ढग होते. सकाळी ढग विरळ झाल्यावर उद्यानाच्या दोन कर्मचाऱ्यांनी वर पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी उघडा कडा होता. तुटके गज आणि टर्नबकल कड्याला लटकत होते. बातमी पसरली तशी माणसं तळ्याकाठी जमू लागली. कोणी फुलं आणली. अनेक जण नुसतेच उभे राहून वर बघत होते.

या चेहऱ्याचा अभ्यास केलेले भूशास्त्रज्ञ ब्रायन फाउलर यांच्या मते आधी सुटली ती हनुवटीची शिळा. तिचा भार मुळातच जेमतेम तोललेला होता. ती गेली आणि तिच्यावर टेकलेलं वरचं सगळं गेलं. १९१६पासूनचे गज आणि टर्नबकल कपाळाला होते, कारण वरून हात पोहोचत होता तो तिथेच. मला यात राखणदारांची चूक दिसत नाही. कपाळ सरकताना दिसलं, त्यांनी कपाळ धरून ठेवलं, आणि त्यामुळे दोन-तीन पिढ्यांना म्हातारा आणखी पाहायला मिळाला. हिमयुग ओसरल्यावर, हजारो वर्षांपूर्वी, उघड्या पडलेल्या कड्याची ही झीज होती; ती थांबवणं कोणाच्याच हाती नव्हतं.

चेहरा पुन्हा बसवा, अशी मागणी लगेच सुरू झाली. कोणाला प्लास्टिकचा चेहरा हवा होता, कोणाला काँक्रीटचा. गव्हर्नर क्रेग बेन्सन यांनी समिती नेमली आणि समितीने प्रतिकृतीला नकार दिला. मला हा नकार फार योग्य वाटतो. वारा, बर्फ आणि गुरुत्वाकर्षणाने घडवलेल्या गोष्टीच्या जागी साच्यातून काढलेली गोष्ट बसवली असती, तर ते डोंगराचंही नसतं आणि लोकांचंही. पाहणाऱ्याला सतत नकलीची जाणीव टोचत राहिली असती.

त्याऐवजी आठवण जपायची ठरलं. २००४पासून कड्याखाली नाणं टाकून पाहायच्या दुर्बिणी लागल्या. त्यांतून आधीचा आणि नंतरचा कडा दोन्ही दिसतात. १२ जून २०११ला प्रोफाइल तळ्याकाठी 'प्रोफाइलर प्लाझा' खुला झाला. तिथे सात पोलादी खांब उभे आहेत आणि त्यांच्या वरच्या कडांना चेहऱ्याच्या रेषा कापलेल्या आहेत. जमिनीवर उंचीनुसार खुणा आहेत. आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहून खांबाच्या कडेने वर बघितलं की पोलादातली ती रेषा कड्याच्या माथ्याला जाऊन भिडते आणि म्हातारा क्षणभर पुन्हा जागेवर येतो. लहान मुलांची खूण वेगळी, मोठ्यांची वेगळी, त्यामुळे एकाच कुटुंबातली माणसं मागेपुढे उभी राहून तेच पाहतात. खांबावरून नजर हलली की कडा पुन्हा रिकामा. चेहरा एकाच जागेवरून दिसायचा हा मूळ गुण त्यात नेमका आला आहे. पुढे मोठ्या शिळा उभारून स्मारक वाढवायचा बेत होता, तो निधीअभावी मागे पडला. मला वाटतं त्याने काही बिघडलं नाही.

म्हातारा गेल्यावर माणसं यायची थांबतील, अशी भीती होती. ती खोटी ठरली, कारण बघण्यासारखं खिंडीत पुष्कळ आहे आणि ते सगळं १९२८च्या खरेदीत आलेलं आहे. फ्लूम घळ १८०८मध्ये जेस गर्न्सी या ९३ वर्षांच्या आजींना मासेमारीला गेल्या असताना सापडली, असं तिथे सांगतात. घळ सुमारे ८०० फूट लांब, भिंती ७० ते ९० फूट उंच, आणि दोन भिंतींमधलं अंतर कुठे कुठे फक्त १२ फूट. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालताना एका अंगाला ओला, शेवाळलेला ग्रॅनाइट असतो आणि पायांखाली पाणी धडधडत जात असतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने इथे जरा थांबून खडक बघावा. ग्रॅनाइटला पडलेल्या सरळ भेगांत फार पूर्वी बेसॉल्टचा रस खालून घुसला आणि थिजला. बेसॉल्ट म्हणजे आपल्या किल्ल्यांखालचा काळा पाषाण. आपल्याकडे तोच कडे धरून उभा आहे. इथे मात्र तो शेजारच्या ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजला, पाण्याने आणि बर्फाने वाहून गेला, आणि त्याची रिकामी झालेली जागा म्हणजे ही घळ. पूर्वी दोन भिंतींमध्ये एक प्रचंड धोंडा अडकून लोंबकळत असे. १८८३च्या जूनमधल्या वादळी पावसात दरड आली आणि तो वाहून गेला. या खिंडीत नावाजलेला दगड नाहीसा होण्याची २००३ ही पहिली वेळ नव्हती.

थोडं उत्तरेला 'बेसिन' आहे. पेमिगेवासेटच्या प्रवाहाने गोटे फिरवत फिरवत ग्रॅनाइटमध्ये कोरलेला सुमारे ३० फूट व्यासाचा गोल डोह. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्यांना तो घडला कसा हे सांगावं लागणार नाही. १९३८च्या चक्रीवादळात फ्लूमच्या परिसरातला 'सेंटिनेल पाइन' हा महाकाय वृक्ष उन्मळून पडला, तेव्हा त्याच खोडाचा आधार घेऊन १९३९मध्ये नदीवर छप्पर असलेला पादचारी पूल बांधला गेला. तो पूल आजही वापरात आहे. पडलेल्या झाडाचं काय करायचं, हे या उद्यानाला बरोबर सुचलं.

बोस्टन आणि नॅशुआ परिसरातली मराठी कुटुंबं शरद ऋतूत पानांचे रंग बघायला व्हाइट माउंटन्समध्ये जातात आणि बहुतेकदा हा भाग गाडीतूनच पाहून पुढे निघतात. त्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे की एक पूर्ण दिवस खिंडीलाच द्यावा. पार्कवेवर ३४-ए या फाट्याला उतरून सकाळी लवकर फ्लूम करावी. चक्कर साधारण दोन मैलांची आहे, चढ-उतार आणि पायऱ्या आहेत, वृद्धांना सावकाश न्यावं. घळ मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत खुली असते, त्यानंतर फळ्यांच्या वाटा काढून ठेवतात. मग बेसिन. दुपार उतरताना ३४-बीला प्रोफाइल तळं आणि प्लाझा. वेळ कमी पडला तर दुर्बिणी आणि खांब राहू द्यावेत, पण तळ्याकाठच्या झाडीतून जाणारी पायवाट चुकवू नये. ज्या झाडांसाठी डॉलर-डॉलर जमला होता, ती तिथेच आहेत.